येमुल सरांची बोंब

“मॅडम, बोंब हा शब्द शिष्ट आहे का हो?”

मराठी विभागाच्या दारात उभं राहून येमुल सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. तोवर आमची ओळख स्टाफरूममध्ये एकमेकांकडे चहाचा कप सरकवण्यापुरतीच होती. ते आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राचे विभागप्रमुख. त्या विभागात दुसरं कोणी नसल्यामुळे विभागही तेच. अंगात कायम पांढरा कोट. तो कोट ते प्रयोगशाळेत घालायचे, कॅन्टीनमध्ये घालायचे, आणि एकदा सात रस्ता चौकात भाजी घेतानाही मी त्यांना त्याच कोटात पाहिलं होतं. भाजीवाली त्यांना डॉक्टर समजून आपला गुडघा दाखवत होती आणि सर तो अगदी गंभीरपणे बघत होते.

“कशासाठी हवाय बोंब?” मी विचारलं.

“वर्गात वापरायचाय. पोरं मराठी माध्यमातनं आलेली असतात. इंग्रजी पुस्तक पाठ करतात, पण डोक्यात काय उतरत नाही. आता इन्फ्लमेशनला तुम्ही मराठीत काय म्हणता?”

“दाह.”

“दाह म्हटलं की पोरं म्हणतात ॲसिडिटी. बरं, एन्झाइमला?”

“विकर.”

सरांनी कपाळाला हात लावला. “तोच की मॅडम! त्या विकरानंच घात केला माझा.”

घात असा झाला होता. आदल्या वर्षी सरांनी वर्गात मोठ्या हौसेनं मराठीत एक वाक्य सांगितलं होतं : देवीच्या कुळातले विषाणू आपल्या शरीरातले दाहक विकर रोखणारी प्रथिने तयार करतात. मुलांनी ते ऐकलं, लिहिलं, पाठ केलं आणि उत्तरपत्रिकेत उतरवलं : विषाणू दाहक विकार रोखणारी प्रथिने तयार करतात. एका चिरंजीवांनी तर पुढे स्वतःची भर घातली होती, ‘यामुळे हे विषाणू मानवजातीस अत्यंत उपयुक्त आहेत.’

“एका कान्यानं व्हायरसचा वैद्य झाला की हो!” सर म्हणाले. “म्हणून म्हटलं, असला शब्द पाहिजे की ऐकल्याबरोबर कळलं पाहिजे. पेशीत व्हायरस शिरला की पेशी काय करते? बोंब मारते. मग शेजारच्या पेशी जाग्या होतात, रक्त धावत येतं, जागा लाल होते, सुजते, तापते. दाह म्हणजे दुसरं काय? बोंब!”

मी म्हटलं, शब्द शिष्ट नसेल, पण अस्सल मराठी आहे, खुशाल वापरा. “तुमच्या जबाबदारीवर?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. हे हो मला फार महागात पडलं. पुढे प्राचार्यांनी भाषेबद्दल त्यांना काहीही विचारलं की सर ताबडतोब सांगायचे, “मराठी विभागाची परवानगी आहे.”

सर सोलापूरच्या पूर्व भागातले, पद्मशाली विणकरांच्या घरातले. घरी तेलुगू, रस्त्यावर सोलापुरी, कॉलेजात इंग्रजी मिसळलेली मराठी. शिकवताना सुरुवातीला छान पुस्तकी बोलायचे आणि विषयात रंगले की ‘आहे’चं ‘हाय’ व्हायचं. त्यावरून आम्हांला तास कितपत रंगलाय ते बाहेरून समजायचं. मोजायचे मात्र तेलुगूतच. काचेच्या बशीत वाढवलेले जिवाणूंचे ठिपके उजेडाकडे धरून “ओकटि, रेंडु, मूडु” असं पुटपुटत चालायचे, आणि मध्येच कोणी नमस्कार केला की आकडा चुकायचा. मग त्या माणसाला काहीतरी तेलुगू ऐकावं लागे. आम्ही त्याचा अर्थ कधी विचारला नाही, चेहऱ्यावरून कळायचा.

पुटपुटत हा शब्द मी उगाच वापरला. सरांना हळू बोलताच यायचं नाही. त्यांचं बालपण यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेलं. त्या घरात हळू बोललेलं कोणाच्या कानावरच पडायचं नाही, म्हणून घरातले सगळेच ओरडून प्रेम करायचे आणि ओरडूनच आजारी पडायचे. मीटिंगमध्ये सर माझ्या कानाशी लागून “या माणसाला काय कळत न्हाय” असं म्हणाले की तो माणूस लांबच्या टोकाला बसून मान खाली घालायचा. दोन-तीनदा असं झाल्यावर मी मीटिंगला त्यांच्या शेजारी बसणं सोडून दिलं. तर ते तिथूनच माझ्या कानात बोलायला लागले.

त्यांची प्रयोगशाळा आणि माझा वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत. तिचा उपयोग फक्त फळा टांगण्यापुरता होता. त्यामुळे माझ्याकडे समास शिकायला आलेली मुलं देवीचे विषाणू शिकून बाहेर पडायची. मीही शिकले. आजही मला झोपेतून उठवलंत तर तो तास म्हणून दाखवीन.

“पेशीत बोंब तयारच असते,” भिंतीपलीकडून आवाज यायचा. “पण सारखी बोंब मारून कसं चालंल? म्हणून ती पोत्यात घालून, पोत्याचं तोंड शिवून ठेवलेली असते. टाके कापले की बोंब बाहेर. हे टाके कापायला पेशीत एक कात्री असते. ही कात्री म्हणजे आपलं विकर. काना न्हाय! लिहून घ्या, काना न्हाय! आता देवीच्या घराण्यातला व्हायरस आत येतो. त्याला ठाऊक असतं, ही कात्री चालली की आपलं खरं न्हाय. तो काय करतो? कात्री मोडतो? न्हाय. चोरतो? न्हाय. तो कात्रीचा सत्कार करतो!”

इथे माझा वर्ग पेन खाली ठेवायचा.

“म्हणतो, या साहेब, या. आपल्या शुभहस्ते उद्घाटन! आणि पुढं फीत धरतो. ही फीत म्हणजे व्हायरसनं बनवलेलं प्रथिन. दिसायला हुबेहूब पोत्याच्या टाक्यासारखं. कात्रीला काय, कापायची सवय. गेली पुढं, कच्च! आणि ती फीत कापल्याबरोबर अशी उसळून पात्याला गुंडाळते, अशी चिकटते, की कात्री उघडंना आणि मिटंना. बसा आता स्टेजवर! शाल घ्या, नारळ घ्या, फेटा बांधून घ्या, प्रास्ताविक ऐका. पोतं तिकडं तसंच शिवलेलं पडलंय, आणि चोर स्वयंपाकघरात बसून भजी तळतोय!”

पलीकडे हशा, अलीकडे टाळ्या. मी रागावल्यासारखं करायचे, पण मनातून या माणसाचा हेवा वाटायचा. इतक्या वर्षांत माझ्या एकाही समासाला कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

या फितीनं पुढे त्यांच्या एका विद्यार्थिनीचे गुण खाल्ले. अश्विनी तिचं नाव. मोहोळ तालुक्यातल्या एका गावाहून रोज एसटीनं यायची. डोळ्यांत कायम प्रश्न, आणि वर्गात सरांना तोंडावर “हे पटलं नाही सर” म्हणणारी तीच एक. विद्यापीठाच्या पेपरात तिनं सगळं नीट लिहिलं, विषाणूचं नाव, प्रथिनाचं काम, सगळं, आणि शेवटी ओघात लिहून गेली, ‘अशा रीतीने विकराचा प्रमुख पाहुणा होतो.’ परीक्षकांनी ‘प्रमुख पाहुणा’भोवती लाल वर्तुळ काढून उत्तराला भोपळा दिला.

सर तडक परीक्षकांच्या घरी. “चूक कुटं हाय तेवढं दाखवा,” एवढंच त्यांचं म्हणणं. परीक्षक म्हणाले, चूक नाही, पण भाषा शास्त्रीय नाही. मग सरांनी त्यांच्या दिवाणखान्यात बसून अख्खा तास घेतला. परीक्षक हलले नाहीत, पण आतून पोहे घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी दारातच थबकून ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “बरोबर आहे की हो त्यांचं. सोसायटीच्या पाण्याबद्दल बोलायला म्हणून तुम्ही गेलात आणि हार घालून घेऊन परत आलात, ते काय होतं?” अश्विनीला गुण मिळाले. सर म्हणायचे, मला आजवर भेटलेल्या सगळ्यांत चांगल्या परीक्षक म्हणजे त्या पोहे आणणाऱ्या बाई.

मग लम्पीची साथ आली. गाईगुरांच्या अंगावर गाठी उठायच्या, ताप भरायचा, जनावर वैरण सोडायचं. हा रोगही देवीच्याच घराण्यातला. गावोगाव लस द्यायला पथकं फिरत होती. लस होती मूळची शेळीच्या देवीवरची, आणि ती गाईला चालते हे अश्विनीच्या गावात कोणाला पटेना. पथक एकदा येऊन हात हलवत परत गेलं होतं. अश्विनीच्या घरी दावणीला दोन गाई. ती सरांपुढे येऊन उभी राहिली. “सर, तुम्ही येऊन सांगा. माझं कोणी ऐकेना.”

“मी जनावरांचा डॉक्टर न्हाय गं,” सर म्हणाले. पण गेले. मराठी कमी पडायला नको म्हणून मलाही बरोबर घेतलं.

गावाच्या वेशीवरच आम्ही थबकलो. भला मोठा फलक, त्यावर कोटातला सरांचा फोटो आणि खाली, ‘सुप्रसिद्ध लम्पीतज्ज्ञ यांचे सहर्ष स्वागत’. सर म्हणाले, “हे काय लावलंय?” तोवर हलगी वाजायला लागली. सरपंचांनी हाताला धरून सरांना मंडपात नेलं आणि खुर्चीवर बसवून फेटा बांधायला घेतला. बांधणारा हौशी होता. मनासारखा तुरा निघेना म्हणून त्यानं तो सोडून पुन्हा बांधला. मग शाल. मग नारळ. मग सरपंचांचा सत्कार सरांच्या हस्ते. मग सोसायटीच्या चेअरमनचा, कारण तो नाही केला तर तो रुसला असता. मग कोणीतरी म्हणालं, साहेब आलेच हायत तर व्यायामशाळेचं पण उरकून घेऊ की, आणि सगळा लवाजमा उठून नव्या व्यायामशाळेकडे निघाला. त्या दिवशी पुन्हा आलेलं लसीचं पथक तोवर मारुतीच्या पारावर बसून होतं. त्यांना पुढच्या गावाला जायचं होतं. ते गेले.

सर बोलायला उभे राहिले तेव्हा समोर फक्त हलगीवाला आणि खुर्च्या भाड्यानं देणारा असे दोघेच उरले होते. बाकीचे धारा काढायला गेले होते.

परतीच्या जीपमध्ये सर गप्प. हा चमत्कार मी प्रथमच पाहत होते. डोक्यावर फेटा तसाच होता. टोलनाका मागे पडल्यावर ते खिन्नपणे म्हणाले, “मॅडम, मी कापली.”

“काय कापली?”

“फीत.”

मला इतकं हसू आलं की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. सर मात्र हसले नाहीत. त्यांना खरोखरच लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला न सांगता ते पहिल्या एसटीनं त्या गावात गेले आणि थेट अश्विनीच्या गोठ्यात जाऊन उभे राहिले. पुढचं मला अश्विनीनं सांगितलं. तिचे वडील धार काढत होते.

“सायेब, शेळीची लस गायीला टोचली तर उद्या गाय में में करंल न्हवं?” त्यांनी विचारलं.

“आबा, तुमच्या चुलत्याच्या घरात चोरी झाली. चोर कसा दिसतो ते तुम्ही बघितलं. उद्या त्याच चोराचा भाऊ तुमच्या घराकडं आला तर वळखाल का न्हाय?”

“वळखणार की. नाक सारखंच असंल.”

“मग? शेळीच्या देवीचा आन् गाईच्या लम्पीचा चोर भाऊ भाऊ हायत. नाक सारखं. लस म्हणजे त्या नाकाचा फोटो. तो बघून तुमची गाय में में कशाला करंल? बोंब मारंल!”

आबांनी धारेची चरवी खाली ठेवली. “आसं व्हय,” ते म्हणाले. “मग काल त्या मांडवात का सांगितलं न्हाई?”

यावर सर काय बोलले ते अश्विनीनं सांगितलं नाही. पण पथक परत बोलावलं गेलं, गावातल्या गाईंना लस मिळाली, आणि त्या दिवसापासून सरांनी शालीचा धसका घेतला. कार्यक्रमात दुरून कोणी घडी घातलेली शाल घेऊन येताना दिसला की ते मागच्या दारानं पसार. शिक्षकदिनाला त्यांचा सत्कार, म्हणजे शाल आणि नारळ, त्यांच्या कपाटावर ठेवून यावा लागायचा.

आता खरं सांगायचं ते पुढेच आहे. सरांची प्रयोगशाळा तळमजल्यावर, रस्त्याला लागून, मोठ्या खिडक्यांची. संस्थेच्या अध्यक्षांना नेमकी तीच जागा सभागृहासाठी डोळ्यांत भरली होती. विभागात विद्यार्थी मोजके, खर्च जास्त, आणि सूक्ष्मजीव काही दिसत नाहीत, तेव्हा ते कुठेही राहू शकतात असं अध्यक्षांचं मत होतं. प्रयोगशाळा गेली की प्रात्यक्षिकं जाणार, प्रात्यक्षिकं गेली की विषय बंद. ज्यांना जमेल ती मुलं पुण्याला जातील आणि अश्विनीसारख्या मुली एसटीचा पास फाडून घरी बसतील. हे सगळं येमुल सर प्रत्येक मीटिंगमध्ये, त्यांच्या त्या आवाजात, बोलून दाखवायचे. विद्यापीठाची समिती भेटीला येणार असं ठरलं, तेव्हा सर समितीपुढे बोलणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि एकाएकी सगळे सरांशी गोड वागायला लागले. प्राचार्य त्यांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजायला लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगकामासाठी म्हणून प्रयोगशाळेला कुलूप लागलं, खिडक्यांना आतून कागद लागले. सुट्टी संपताना निमंत्रणपत्रिका छापून आली. समितीच्या उपस्थितीत ‘नूतनीकृत दालनाचे उद्घाटन’, हस्ते प्रा. येमुल, त्यानंतर त्यांचा गौरव समारंभ.

सर पत्रिका घेऊन माझ्याकडे आले. “मॅडम, दालन म्हणजे प्रयोगशाळा का?”

“दालन म्हणजे कुठलीही मोठी खोली.”

“मग ठीक हाय. माझी खोली मोठीच हाय.” त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला पुढे शंका काढवेना. “बघा, उगाच मी यांना शिव्या घालत होतो. रंग दिलाय म्हणे. सत्काराचं तेवढं मी बघतो, मागच्या दारानं जाईन. पण लॅबचं उद्घाटन मीच करणार. मीच केलं पाहिजे.”

त्या दिवशी त्यांनी कोट इस्त्री करून आणला होता. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आल्या होत्या. एम.एस्सी. करणारी अश्विनीही मुद्दाम आली होती. दाराला तांबडी फीत, तबकात कात्री, एका बाजूला अध्यक्ष आणि प्राचार्य, दुसऱ्या बाजूला समितीची मंडळी. समितीच्या प्रमुख एक वयस्क बाई होत्या, चष्मा नाकावर आणि चेहरा कंटाळलेला. फोटोग्राफर म्हणाला, “सर, इकडं बघा.” सरांनी कात्री उचलली, पाती उघडून फितीवर ठेवली, आणि फोटोसाठी मान वर केली तेव्हा दाराच्या नव्या काचेतून त्यांना आतलं दिसलं.

आत लाल गालिचा होता. गुबगुबीत खुर्च्यांच्या रांगा होत्या. व्यासपीठ होतं, माईक होता. ओटे नव्हते, नळ नव्हते, एकही सूक्ष्मदर्शक नव्हता.

मी त्यांच्या मागेच होते. कात्री फितीवर तशीच थांबली. प्राचार्य हसत हसत हळूच म्हणाले, “सर, कापा की.” टाळ्या वाजवायला सगळ्यांनी हात उचलून धरले होते. वाटलं, आता हा माणूस कापणार. वर्षानुवर्षं चांगलं वागायची सवय असते हो माणसाला. इतके लोक समोर उभे असले की हात आपोआप चालतो.

सरांनी कात्री मिटली. ती कोटाच्या खिशात टाकली. उजवा हात पालथा करून तोंडावर नेला. आणि त्यांनी बोंब मारली.

मागांच्या खडखडाटावर मात करायला घडलेला तो आवाज. होळीलाही मी तसली बोंब ऐकलेली नाही. व्हरांड्यातली कबुतरं उडाली, फोटोग्राफरच्या हातातून कॅमेऱ्याचं झाकण पडलं, अध्यक्षांनी दचकून समितीतल्या एका सद्गृहस्थांचा हात धरला. श्वास घेऊन सरांनी दुसरी मारली. तेवढ्यात मागून अश्विनीची आली. मग मुलांची. मग वरच्या मजल्यावरच्या, काय झालंय हे मुळीच ठाऊक नसलेल्या कॉमर्सच्या मुलांची. आणि मीही मारली. शालेय वयानंतर पहिल्यांदाच, कांजीवरम नेसून, विभागप्रमुख असताना. खरं सांगते, फार बरं वाटलं.

“हा काय प्रकार आहे?” समितीच्या बाईंनी विचारलं. त्यांचा कंटाळा पार पळाला होता.

प्राचार्यांच्या कपाळावर घाम आला होता, पण माणूस हुशार. “आमच्याकडची परंपरा आहे मॅडम,” ते म्हणाले. “शुभकार्याआधी.”

“व्हय, परंपराच हाय,” सर म्हणाले. “घरात कोण शिरलं की मारायची. मॅडम, हितं माझी लॅब होती.”

पुढे उद्घाटन झालं नाही. बाईंनी सामान कुठे आहे ते विचारलं आणि शिपाई त्यांना जिन्याखालच्या कोठडीत घेऊन गेला. तिथे सूक्ष्मदर्शक जुन्या बाकांच्या ढिगात तोंड खाली घालून पडले होते. सर त्यातला एक उचलून कोटाच्या बाहीनं पुसायला लागले. पुसता पुसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यांनी लपवलं नाही. वहिनी ओरडून तेलुगूत काहीतरी बोलल्या. यावेळीही न विचारता त्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

समितीनं स्वच्छ लिहिलं, प्रयोगशाळा होती तिथे लावा, नाहीतर मान्यतेचं आम्हांला विचारू नका. प्रयोगशाळा परत आली. सभागृह तिसऱ्या मजल्यावर गेलं. तिथे लिफ्ट नाही, त्यामुळे प्रमुख पाहुणे धापा टाकत पोचतात आणि थोडक्यात बोलतात. हा आम्हां सगळ्यांनाच झालेला लाभ आहे. सरांकडून गैरवर्तनाबद्दल खुलासा मागवण्यात आला. खुलासा त्यांनी मला दाखवला तेव्हा त्यात एकच ओळ होती : ‘पेशीने जे करावे ते मी केले.’ मी शुद्धलेखन तपासलं. चूक नव्हती.

सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला यायचं त्यांनी कबूल केलं आणि आले नाहीत. त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर अश्विनी आली. मग बरेच दिवस सर दिसले नाहीत. तब्येत नरम आहे असं कोणीतरी म्हणत होतं.

मध्यंतरी एकदा माझा तास नव्हता. व्हरांड्यातून जाताना प्रयोगशाळेच्या खिडकीतून सहज आत पाहिलं तर मागच्या ओट्याशी, मुलांच्या ओळीत, येमुल सर बसलेले. अंगात साधा चौकड्याचा शर्ट. कोटाशिवाय ते फारच बारीक दिसत होते. नव्या मुलांना ते कोण हे ठाऊक नसावं. शेजारचा मुलगा कोणाचे तरी आजोबा बसावेत तसं त्यांना जागा देऊन बसला होता.

अश्विनी तोच पाठ शिकवत होती. पण तिच्या पाठात फीत नव्हती आणि पाहुणेही नव्हते. “समजा, वस्तीवर कुत्रं आहे,” ती सांगत होती. “चोर आला की ते भुंकणार. चोर त्याला मारत नाही. गुऱ्हाळातल्या ताज्या चिक्की गुळाचा गोळा पुढं टाकतो. कुत्रं कचकन चावतं, आणि दोन्ही जबडे गुळात गच्च. आता भुंकून दाखव म्हणावं!” मुलं हसली. सरही हसले, पण त्यांची भुवई वर गेली होती, आणि हात वर झाला.

“मॅडम, एक शंका हाय.”

अश्विनीनं वळूनही पाहिलं नाही. “शंका शेवटी, सर. आधी पूर्ण होऊ दे.”

सरांनी हात खाली घेतला आणि तास संपेपर्यंत तोंड उघडलं नाही. मी खिडकीशी उभीच राहिले. मला तिथून हलवेना. तास संपला, मुलं उठायला लागली, तेव्हा अश्विनी म्हणाली, “हां सर, विचारा.”

“तुम्ही जी युक्ती सांगितली,” सर उभे राहून म्हणाले, “ती गाईच्या देवीच्या व्हायरसची. लम्पीचा व्हायरस नेमकी तशीच करतो का दुसरी कुठली?”

अश्विनीनं हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाली, “माहीत नाही सर. मी वाचलं नाही कुठं. शोधायला पाहिजे.”

“मग शोधा की,” सर म्हणाले. “लॅब हाय हितं.”